पाचशेची नोट, अक्कलकुव्याच्या बाजारात

अक्कलकुवा तालुक्याची उत्तरेकडची हद्द नर्मदा आखते. सरदार सरोवराच्या बुडितात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, ते याच तालुक्यातलं. त्याच नर्मदेवर, पार वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात नर्मदापुरम आहे. जुनं नाव होशंगाबाद. तिथल्या सिक्युरिटी पेपर मिलमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून नोटांचा कागद तयार होतो. देशात आता म्हैसूरलाही अशी गिरणी आहे. हा कागद छापखान्यांत जातो, नोट होतो आणि बँका, एटीएम, मुकादम, व्यापारी असा फिरत फिरत सातपुड्यात पोहोचतो. याच तालुक्यातल्या मोलगीच्या बाजारात आमचुराच्या पोत्याचा मोबदला म्हणून तो एखाद्या बाईच्या हातात पडतो, तेव्हा त्या नोटेत कागद, शाई आणि कोरीवकाम यांचं किती कसब भरलेलं आहे हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. हे कसब योजलेलं असतं मात्र तिच्यासाठीच.

सुरुवात कागदापासून करू, कारण नोटेची निम्मी राखण छपाईच्या आधीच झालेली असते. रिझर्व्ह बँक सांगते त्याप्रमाणे आपल्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा. वहीचा किंवा वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. कापसाचा तंतू लांब आणि चिवट. म्हणून नोट हजारदा दुमडली, घामाने भिजली, लुगड्याच्या गाठीत आठवडाभर राहिली तरी तिचा लगदा होत नाही. तिला बोटांत धरून हलवलं की एक करकरीत आवाज येतो. नंदुरबार, धुळे, जळगाव हा सगळा कापसाचा मुलूख. इथल्या हातांना कापूस ओळखायला शिकवावं लागत नाही. साध्या कागदात उजळपणासाठी घातलेली रसायनं जांभळ्या अतिनील दिव्याखाली पांढरीशुभ्र चमकतात. नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंदच राहतो, फक्त नंबर आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू उजळतात. दुकानदाराच्या गल्ल्याजवळ जो छोटा दिवा असतो, तो एवढंच बघण्यासाठी.

गांधीजींचं जलचिन्ह कागदावर छापलेलं नसतं. कागद अजून ओला, जाळीवर बसत असतानाच लगद्याची जाडी कुठे वाढवली, कुठे घटवली जाते. पातळ जागेतून उजेड जास्त येतो, जाड जागेतून कमी, आणि त्या कमीजास्तपणातून चेहरा उमटतो. गालापासून हनुवटीपर्यंत सावली हळूहळू गडद होत जाते. शेजारी नोटेच्या किमतीचा आकडा असतो, पाचशेच्या नोटेवर 500. तो मात्र एकसारखा उजळ आणि कडेला ठसठशीत दिसतो. नकली नोटेवर हाच चेहरा बहुधा फिकट शाईने किंवा मेणचट पदार्थाने काढलेला असतो. उजेडात न धरताही तो दिसतो, आणि छायेच्या पायऱ्या त्याला साधत नाहीत. नोट सपाट ठेवल्यावरही जलचिन्ह ठळक दिसत असेल, तर तिथेच शंका घ्यावी.

तारही कागदातच विणलेली असते. बाजारात तिला कोणी तार म्हणतं, कोणी हिरवी पट्टी. ती कागदाच्या पोटातून जाते आणि ठरावीक अंतरावर वर डोकावते. म्हणून समोरून ती तुटक दिसते आणि उजेडात धरली की अखंड. तिच्यावर ‘भारत’ आणि इंग्रजीत आरबीआय ही अक्षरं असतात. नोट तिरकी केली की हिरवा रंग निळा होतो. हा रंग मोराच्या मानेवरच्या रंगासारखा आहे: कोन बदलला की बदलतो. झेरॉक्स यंत्राला किंवा छपाईच्या साध्या शाईला एका जागी एकच रंग देता येतो, त्यामुळे नकली पट्टी कितीही चकचकीत असली तरी हिरवी ती हिरवीच राहते.

आता बाजाराकडे येऊ. अक्कलकुवा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं गाव. पुढे खापर आणि मग गुजरात. तालुका आदिवासींचा. उन्हाळ्यात घरातली लहानथोर माणसं कैऱ्या सोलतात, चिरतात, वाळवतात आणि आमचूर विकतात. त्याआधी मोहाची फुलं वेचायची, पावसाळ्यानंतर भगर. शेत भागवत नाही म्हणून कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. होळीला माणसं परततात. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्या बाजार हा वर्षातला खरेदीचा मोठा काळ. तेव्हा हातात रोख असते, आणि ती बहुतेक पाचशेच्या नोटांत असते. देशभरातल्या चलनाच्या एकूण किमतीपैकी सुमारे 86 टक्के रक्कम आज एकट्या पाचशेच्या नोटेत आहे. 19 मे 2023 ला दोन हजारांची नोट मागे घ्यायचं ठरलं, त्यानंतर पाचशेपेक्षा मोठी नोट व्यवहारात उरलीच नाही.

नकली करणाऱ्यांचंही लक्ष साहजिकच पाचशेच्या नोटेवर. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाप्रमाणे 2024-25 या वर्षात बँकांच्या व्यवस्थेत 2,17,396 नकली नोटा पकडल्या गेल्या. एकूण आकडा आदल्या वर्षापेक्षा थोडा कमी होता, पण पाचशेच्या नकली नोटा 37 टक्क्यांनी वाढून 1,17,722 झाल्या. हा हिशोब बँकेच्या खिडकीपर्यंत आलेल्या नोटांचा. आठवडे बाजारात हातोहात फिरणाऱ्या, कोणीतरी चुलीत घातलेल्या किंवा अंधारात पुढच्याला खपवलेल्या नोटा यात मोजलेल्या नाहीत. शंभर आणि त्यावरच्या नोटा यंत्राने तपासल्याशिवाय काउंटरवरून किंवा एटीएममधून द्यायच्या नाहीत, असा बँकांना नियम आहे. पगार खात्यात आणि खर्च कार्डावर असलेल्या माणसाला जवळपास प्रत्येक नोट तपासलेली मिळते. आमचूर विकणाऱ्या बाईला ती व्यापाऱ्याच्या खिशातून मिळते. मधे यंत्र नाही, तिची बोटं आणि तिचे डोळे आहेत. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये होती. एक खोटी नोट म्हणजे दीड दिवसाच्या कामावर पाणी.

कागदाला नोट करण्याचं काम देशात चार ठिकाणी चालतं: नाशिकरोड, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालातलं सालबोनी. यातलं नाशिक सर्वांत जुनं, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असं. 1928 पूर्वी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. त्या वर्षी नाशिकरोडच्या छापखान्यातून पंचम जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट बाहेर पडली आणि छपाई देशात आली. नेपाळच्या 1945 मधल्या पहिल्या नोटाही इथेच छापल्या गेल्या.

नोट आणि नकलाकार यांची चढाओढ त्याहून जुनी. 1861 च्या कायद्याने सरकारी नोटा सुरू झाल्या, त्यांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. नकलांचा सुळसुळाट झाला म्हणून त्या मागे घेऊन 1867 मध्ये नव्या धर्तीच्या नोटा काढाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हिंदुस्थानी नोटांच्या उत्तम नकला केल्या. त्याला उत्तर म्हणून जलचिन्हातला सहाव्या जॉर्जचा बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा घेतला गेला आणि कागदात तार पहिल्यांदा आली. आज बाजारात आपण जी हिरवी पट्टी बघतो, तिची सुरुवात त्या युद्धातली. त्याच सुमारास, ऑगस्ट 1943 मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे. इंग्रज राजाच्या चित्राच्या नोटेवर वचन देणारी सही एका मराठी माणसाची, असा तो काळ होता.

छापखान्यात पहिल्यांदा पार्श्वभूमीचे रंग चढतात, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. एकाच वेळी का, तर पुढच्या आणि मागच्या बाजूला छापलेले अर्धवट तुकडे केसभरही न हलता एकमेकांवर बसावेत म्हणून. नोट उजेडात धरली की डावीकडे ते तुकडे जुळून आकडा पुरा होतो. घरगुती प्रिंटरवर आधी एक बाजू, मग दुसरी छापणाऱ्याचे हे तुकडे सरकतातच. त्यानंतर इंटॅग्लिओ, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून प्रचंड दाबाखाली केलेली छपाई. शाई कोरलेल्या खाचांत बसते आणि दाबाखाली कागद त्या खाचांत शिरून ती उचलतो. त्यामुळे गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या रेघा कागदापासून वर उठतात. नखाने ओरखडलं की खरखर लागते. शेवटी नंबर. 2016 नंतरच्या नोटांवर नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पाचशेच्या नोटेवर खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह किमतीचा आकडा रंग बदलणाऱ्या शाईत असतो, हिरव्याचा निळा. ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही सूक्ष्म अक्षरं भिंगाखाली स्वच्छ दिसतात. नकलेत तिथे ठिपक्यांचा चिखल असतो.

यंत्र आणि शाई सांभाळणं हाही सुरक्षेचाच भाग आहे, हे महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन शिकलं आहे. अब्दुल करीम तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने मोडीत काढलेली यंत्रं लिलावातून त्याच्या हाती गेल्याचं पुढे आलं. ते प्रकरण मुद्रांकाचं, नोटेचं नव्हे. पण कागद आणि शाई कितीही अवघड केली तरी भंगाराच्या यादीवरची एक सही तो अवघडपणा पुसू शकते, हे त्याने दाखवून दिलं. मला तेलगी प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

जगात बऱ्याच देशांनी कागद सोडला. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये प्लास्टिकची नोट काढली, नंतर ब्रिटनही त्या वाटेने गेलं. आपल्याकडेही दहा रुपयांच्या प्लास्टिक नोटेची चाचणी कोची, म्हैसूर, जयपूर, शिमला आणि भुवनेश्वर या शहरांत घ्यायचं जाहीर झालं होतं, पण तशी नोट चलनात आली नाही. आपण कापसावरच आहोत, आणि माझ्या मते त्यात तोटा नाही, कारण कापसाची नोट बोटांशी बोलते.

बोटांच्या या भाषेची गरज सर्वांत जास्त आहे ती अंध माणसाला. शंभर आणि त्यावरच्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत: शंभरावर त्रिकोण आणि दोन्ही कडांना चार रेघा, दोनशेवर चार रेघा आणि त्यांच्यामधे दोन वर्तुळं, पाचशेवर गोल आणि पाच रेघा. कागदावर हे छान दिसतं. पण उठाव वापराने झिजतो. बाजारात वर्षभर फिरलेल्या नोटेवर या रेघा चाचपडणं डोळसालाही जमत नाही. पूर्वी अंध माणसं मुख्यतः आकारावरून नोट ओळखत. जुनी पाचशेची नोट 167 मिलिमीटर लांब होती, शंभराची 157. नव्या मालिकेत शंभर 142, दोनशे 146, पाचशे 150, आणि तिघींची रुंदी एकच, 66. शंभर आणि दोनशे यांच्यातला फरक चार मिलिमीटरवर आला. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि नोटांचे आकार वारंवार का बदलता, असं न्यायालयाने 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेला विचारलं. 1 जानेवारी 2020 ला बँकेने ‘मनी’ नावाचं मोबाइल ॲप काढलं. ते नोट कितीची हे बोलून सांगतं. खरी की खोटी हे सांगत नाही. शिवाय त्यासाठी स्मार्टफोन लागतो. चार मिलिमीटरचा फरक ज्यांनी ठरवला त्यांनी डोळे मिटून बाजारात एकदा सुट्टे मोजून बघितले असते, तर हा फरक त्यांनी नक्कीच वाढवला असता.

खोट्या नोटेइतकंच नुकसान खोटी माहिती करते. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं बोललं गेलं. कसली चिप नव्हती. नंबरात तारा असलेली नोट नकली, असा संदेश फिरला. वास्तविक छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात जी छापली जाते तिच्या नंबरात तारा असतो, आणि ती पूर्ण खरी असते. हे रिझर्व्ह बँकेला जुलै 2023 मध्ये जाहीर खुलासा करून सांगावं लागलं. हिरवी पट्टी गांधीजींच्या जवळ असेल तर पाचशेची नोट खोटी, हाही असाच निराधार समज. दहा रुपयांच्या नाण्यांच्या चौदा नक्ष्या खऱ्या असल्याचं 2018 मध्ये जाहीर होऊनही ती नाणी कितीतरी गावांत कोणी घेईना. अशा अफवांमध्ये खरा पैसा नाकारला जातो, आणि मार बसतो तो ज्याच्याकडे दुसरी नोट नाही त्यालाच.

बँकेत खोटी नोट निघाली तर काय होतं, हे प्रत्येकाला माहीत हवं. बँक ती परत देत नाही, तिचे पैसेही देत नाही. तिच्यावर नकली नोटेचा शिक्का मारून ती जप्त करते, आणि ठरलेल्या नमुन्यातली पोचपावती देणं बँकेवर बंधनकारक आहे. एका व्यवहारात चारपर्यंत नकली नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवला जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 178 खाली नकली नोट बनवण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नुसती जवळ सापडली तर कलम 180, पण त्यातही ती खोटी आहे हे ठाऊक असणं आणि खरी म्हणून चालवायचा इरादा असणं लागतं. कायदेशीर मार्गाने हाती आली हे दाखवता आलं तर तो गुन्हा होत नाही. म्हणून खोटी नोट निघाली तर घाबरून ती जाळू नये, दुसऱ्याला तर खपवूच नये. खपवणं हा मात्र स्पष्ट गुन्हा आहे.

फाटलेल्या नोटेची गोष्ट वेगळी. ती खरी असते आणि बँकेला ती बदलून द्यावी लागते. वीसपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि वरच्या नोटेचा सलग तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे. वाळवीने किंवा पावसाने गळणाऱ्या छपराने पाड्यांवर नोटांची जी दुर्दशा होते, ती पाहता हा नियम आमचुराच्या भावाइतकाच इथे महत्त्वाचा आहे. तो न कळल्यामुळे लोक फाटकी नोट कमी किमतीत देऊन टाकतात.

नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. आठव्या ओळीत मराठी, तिसऱ्यात गुजराती. अक्कलकुव्याच्या बाजारात ज्या देहवाली, नोयरी, पावरी अशा भिली बोली ऐकू येतात, त्यातली एकही नाही. भाषांच्या पट्टीत जागा कमी आहे, हे मी समजू शकतो. पण माहिती द्यायला तरी जागा कमी नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘पैसा बोलता है’ हे संकेतस्थळ चांगलं आहे. ते या बोलींत बोलत नाही, आणि मोलगीच्या वरच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळेल याचीही खात्री नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नोटबंदीत, 14 नोव्हेंबर 2016 ला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली तेव्हा, गावात ज्यांचं खातं फक्त अशा बँकेत होतं त्यांची कोंडी झाली. नवी व्यवस्था पहिल्यांदा इथे आणायची आणि ती समजावून सांगायला मात्र कोणी यायचं नाही, असं या जिल्ह्याबाबत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

खोट्या नोटेचा तोटा शेवटच्या धारकाने सोसायचा, हा नियम मला मान्य आहे. नाहीतर नकलाकारांना बँकच पैसे पुरवेल. पण मग त्या शेवटच्या धारकाला ओळखायला शिकवणं हे नोट काढणाऱ्याचं कर्तव्य ठरतं. तेवढ्यासाठी बँकांनी आपली आर्थिक साक्षरता शिबिरं सभागृहातून उठवून अक्कलकुवा, मोलगी आणि खापरच्या बाजारांत, काठीच्या होळीत न्यावीत. भिली बोलणारा माणूस उभा करावा, हातात एक खरी पाचशेची नोट द्यावी आणि चार गोष्टी करून दाखवाव्यात: कडेच्या रेघा नखाने खरवडा, पट्टी तिरकी करून रंग बघा, उजेडात धरून गांधीजींचा चेहरा बघा, डावीकडचा आकडा जुळतो का बघा. अर्धं मिनिट लागतं. आणि ज्या वाचकांचं खात्यावर, कार्डावर चालतं, त्यांनी बाजारात नोट उजेडाकडे धरणाऱ्या बाईवर चिडू नये. तिला तिचं अर्धं मिनिट द्यावं.